बोटातल्या रक्ताच्या थेंबावर टीबी ठरत नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. 'थुंकीची तपासणी आता जुनी झाली. बोटातल्या रक्ताचा एक थेंब, पंधरा मिनिटं, 95 टक्के खात्री. पट्टी मिळाली नाही तर टीबी गोल्ड करा, पॉझिटिव्ह आली की औषधं सुरू.'

'रक्ताचा थेंब'. ही पट्टी टीबीचा जंतू शोधतच नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने केलेली अँटिबॉडी शोधते. ती जुन्या संसर्गातूनही उरलेली असू शकते, आणि एचआयव्हीच्या रुग्णात पुरेशी तयारच होत नाही. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नका असं बजावलं. जून 2012 मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर बंद केला. नवं संशोधन म्हणून फिरतोय तो हा बंदी आलेला माल.

'95 टक्के खात्री'. कुणावर काढलेली? एकीकडे पक्के टीबीचे रुग्ण आणि दुसरीकडे धडधाकट विद्यार्थी घेतले की कुठलीही पट्टी हुशार दिसते. दवाखान्यात येतात ते खोकणारे लोक: कुणाला दमा, कुणाला न्यूमोनिया, कुणाला विडीचा खोकला. त्यांच्यातून टीबी निवडता येतो का, हे कल्चरशी (थुंकीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीशी) ताडून पाहावं लागतं, तेही पट्टी वाचणाऱ्याला कल्चरचा निकाल न सांगता. अशा संशयितांच्या रक्तावर 19 पट्ट्या तपासल्याचा अहवाल 2008 मध्ये आला. रुग्ण पकडण्यात जी सर्वात पुढे होती, तिनेही दहातले सहाच पकडले.

बरं, 95 टक्के खरे धरू. हजार खोकणाऱ्यांत 50 जणांना टीबी आहे. पट्टी त्यातले 47-48 पकडेल, आणि उरलेल्या 950 मधल्याही 47-48 जणांना टीबी 'लावेल'. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांत निम्मे लोक सहा महिने विनाकारण गोळ्या खाणार. त्या गोळ्यांचा यकृताला त्रास होऊ शकतो तो वेगळाच.

टीबी गोल्ड या रक्तचाचणीचं थोडक्यात: ती संसर्ग दाखवते, म्हणजे जंतू कधीतरी शरीरात शिरलाय एवढंच; आजार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के भारतीयांत संसर्ग आढळला. सगळ्यांना औषधं देणार का?

'थुंकी जुनी झाली'. जुना झालाय तो फक्त मायक्रोस्कोपवरचा भरवसा. त्याला मिलिलिटरमागे दहाएक हजार जंतू लागतात. थुंकीतल्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्राला शेसव्वाशे पुरतात, दोन तासांच्या आत निकाल येतो आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही कळतं. त्याच तऱ्हेचं, गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं. अर्थात मायक्रोस्कोपवर निगेटिव्ह आलेल्यांतले सुमारे एक तृतीयांश रुग्ण सीबीनॅटच्याही हातून सुटतात. खोकला थांबला नाही तर एक्स-रे आणि कल्चर हवंच.

झटपट पट्टी अजिबातच नाही असंही नाही. लघवीतला लॅम (टीबीच्या जंतूच्या आवरणातला एक घटक) शोधणारी एक आहे, 25 मिनिटांची. पण तिची शिफारस एचआयव्हीच्या रुग्णांपुरतीच आहे, आणि तिथंही ती निगेटिव्ह आली म्हणून थुंकीची तपासणी टळत नाही.