अझँकूरला बाणांनी चिलखतं फाडली नाहीत

फोनवर फिरत फिरत हा मजकूर बहुतेकांपर्यंत पोचलेला आहे: 25 ऑक्टोबर 1415 रोजी उत्तर फ्रान्समधल्या अझँकूरला (इंग्रजी उच्चार अ‍ॅजिनकोर्ट) 6 हजार इंग्रज 60 हजार फ्रेंचांसमोर उभे ठाकले. गर्विष्ठ फ्रेंच सरदार घोडे उधळत आले. इंग्रजांच्या लांब धनुष्यांनी त्यांची पोलादी चिलखतं कागदासारखी फाडली. पकडलेल्या तिरंदाजांची दोन बोटं तोडू, अशी फ्रेंचांची धमकी होती. म्हणून जिंकल्यावर इंग्रजांनी तीच दोन बोटं उंचावली आणि ‘व्ही’ची अपमानाची खूण जन्माला आली.

तारीख बरोबर आहे. इंग्रज जिंकले हेही खरं. बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यात सर्वात मोठं नुकसान होतं ते लढाई समजून घेण्याचं.

आकड्यांपासून सुरुवात करू. इंग्लंडच्या खजिन्याच्या दप्तरातले राजा पाचव्या हेन्रीच्या सैन्याच्या पगाराचे आणि हजेरीचे कागद आजही आहेत. त्यांवरून दिसतं की ऑगस्टमध्ये सीन नदीच्या मुखाशी तो साधारण 11 ते 12 हजार लढणारी माणसं घेऊन उतरला. तिथल्या आर्फ्लर बंदराला त्यानं घातलेला वेढा 22 सप्टेंबरला संपला, पण तोवर हगवणीनं छावणी पोखरली होती. पुष्कळ आजाऱ्यांना परत पाठवावं लागलं आणि शहरात 1,200 जणांची शिबंदी ठेवावी लागली: 300 चिलखतधारी, 900 तिरंदाज. उरलेले इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले बंदराकडे निघाले. या कागदांवर अनेक वर्षं काम केलेल्या इतिहासकार अ‍ॅन करी इंग्रजांचा आकडा 8 हजारांच्या थोडा वर आणि फ्रेंचांचा 12 हजारांच्या आसपास धरतात. काही अभ्यासक इंग्रज 6 हजार आणि फ्रेंच 20 हजारांच्या पुढे मानतात. तो वाद चालू आहे. पण 60 हजार?

जमीनच ते नाकारते. एका बाजूला अझँकूरचं जंगल, दुसऱ्या बाजूला ट्रामकूरचं, आणि मधली पट्टी जेमतेम 700 ते 900 मीटर. चिलखत घालून हत्यार चालवणाऱ्याला आडवी एक मीटर जागा तरी हवी. म्हणजे एका रांगेत फार तर 800 माणसं. 60 हजारांसाठी 75 रांगा लागतील, आणि मागच्या 60 रांगांना शत्रू दिसणारही नाही.

‘घोडे उधळत आले’ हे तर फ्रेंच सैन्याच्या बहुसंख्य भागाला लागूच पडत नाही. फ्रेंच पायी लढले. पायी चालणं सोपं जावं म्हणून भाले कापून आखूड केले होते. घोडदळ होतं ते दोन्ही बगलांवर, तिरंदाजांवर चालून जाण्याएवढंच, आणि ठरलं होतं त्याहून ते बरंच कमी जमलं.

आता बाणाचं. इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण सगळा गैरसमज इथेच आहे.

1415 चं एकही इंग्रजी लढाऊ धनुष्य हाती लागलेलं नाही. आपल्याला ते माहीत आहे 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजामुळे. त्यातून यू झाडाच्या लाकडाची शंभरावर धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण निघाले. धनुष्यं दोन मीटरच्या आसपास लांबीची, पूर्ण ताणायला साधारण 100 ते 185 पौंड जोर लागेल अशी. बाण बहुतेक पॉप्लरच्या हलक्या लाकडाचे, बोटाएवढे जाड, मागे पिसं दोऱ्यानं आवळून बसवलेली. लोखंडी टोकासकट असा बाण 60 ते 80 ग्रॅम भरतो. 80 ग्रॅमचा बाण सेकंदाला 55 मीटर वेगानं सुटला तर त्यात सुमारे 120 ज्यूल ऊर्जा असते. हा मार भयंकर आहे. उघड्या अंगात तो आरपार जाईल.

पण छातीचा पत्रा मुद्दाम फुगीर घडवलेला असतो, मध्यभागी अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड, कडांना पातळ. 2019 मध्ये इंग्लंडमध्ये 160 पौंडांच्या धनुष्यानं 25 मीटरवरून अशाच पत्र्यावर बाण मारून पाहिले. एकही बाण पत्रा भेदून आत गेला नाही. टोक घसरलं किंवा दांडा फुटला, आणि फुटलेले तुकडे वर गळ्याकडे उडाले. त्या काळच्या पत्र्यांवर गळ्याखाली पोलादी पट्टी बसवलेली दिसते ती का, हे त्या तुकड्यांकडे पाहिल्यावर लक्षात येतं. आणि हा मार 25 मीटरवरचा. इंग्रजांनी सुरुवात केली ती 200 मीटरच्या पुढून.

मग बाण निरुपयोगी होते का? अजिबात नाही. हातापायांचे पत्रे पातळ असतात. काखेत नुसती कड्यांची जाळी असते. शिरस्त्राणाच्या झडपेला डोळ्यांसाठी चीर असते. शिवाय सगळ्यांकडे उत्तम पोलाद नव्हतं. त्यामुळे माणसं जखमी होत होती. पण बाणांचं खरं काम वेगळं होतं. बाणांच्या माऱ्यात झडप उघडी ठेवता येत नाही. झडप पाडली, मान खाली घातली की पुढचं दिसत नाही आणि श्वास कोंडतो. चालणारा माणूस नकळत मारा कमी असेल तिकडे, म्हणजे मधल्या इंग्रज चिलखतधाऱ्यांकडे सरकतो. सगळेच तसे सरकले की गर्दी होते.

त्यात जमीन. शेत नुकतं नांगरून पेरलेलं होतं आणि रात्रभर पाऊस पडला होता. वाफसा नसलेल्या रानातून चाललेल्या कुणालाही सांगायला नको की पाऊल टाकणं सोपं, उचलणं कठीण. अंगावर 20 ते 25 किलोचं चिलखत, पुढे 250 मीटर चाल, आणि आधी गेलेल्या घोड्यांनी तुडवलेला चिखल. तेच जखमी घोडे उलटे फिरून पायी रांगांत घुसले.

पडलेला चिलखतधारी उठूच शकत नाही, हा या मजकुराचाच एक जोडभाऊ. तेही खोटं. फ्रेंच सेनापतींपैकी मार्शल बूसिको चिलखतात कोलांटी मारायचा, असं त्याच्या हयातीत लिहिलेल्या चरित्रात आहे. अझँकूरला पडलेले उठले नाहीत, कारण त्यांच्यावर दुसरे पडले आणि मागची रांग ढकलतच राहिली. किती जण जखमेनं मेले आणि किती गुदमरून, हे वेगळं काढता येत नाही.

तिरंदाजांकडचा साठाही मोजून पाहा. 24 बाणांची एक जुडी. माणशी दोन जुड्या धरल्या आणि मिनिटाला सहा बाण सोडले तर आठ मिनिटांत भाता रिकामा. मग त्यांनी धनुष्यं टाकली आणि कुऱ्हाडी, तलवारी, मोगऱ्या घेऊन गर्दीच्या बगलेत घुसले. अंगावर फारसं काही नाही, कित्येकांचे पाय अनवाणी, हगवणीमुळे विजारी खाली सोडलेल्या. त्या चिखलात हलकं असणं हाच त्यांचा फायदा होता. फ्रेंचांची सर्वात मोठी कत्तल तिथे झाली, हातघाईत.

‘गर्विष्ठ मूर्ख’ हा शिक्का मला सर्वात जास्त खटकतो. बूसिको आणि कॉन्स्टेबल (म्हणजे फ्रान्सचा सरसेनापती) दाल्ब्रे यांनी लढाईपूर्वी केलेली लेखी योजना सापडलेली आहे. तीत तिरंदाज आणि क्रॉसबोवाले (आडवं, घोडा दाबून सोडायचं धनुष्य चालवणारे) पुढे, हजार घोडेस्वार इंग्रज तिरंदाजांवर, दोनशे पिछाडीच्या सामानावर. योजना शहाणी होती. मोडली ती जागेमुळे आणि हुकमामुळे. दोन्हीकडे झाडी असल्यानं बगलेनं वळसा घालता येईना. राजा सहावा शार्ल मनोरुग्ण, रणांगणावर नव्हता, युवराजही नव्हता. कॉन्स्टेबलपेक्षा मोठ्या घराण्यांचे ड्यूक हजर होते, ते त्याचं ऐकायला बांधील नव्हते. प्रत्येकाला पहिल्या फळीत जागा हवी होती, म्हणून क्रॉसबोवाले मागे ढकलले गेले.

सकाळी फ्रेंच थांबून राहिले तेही योग्यच होतं. उपाशी, आजारी शत्रूला घाई होती, त्यांना नव्हती. अखेर हेन्रीच पुढे सरकला. तिरंदाजांनी घोडे अडवायला ठोकलेल्या सुमारे सहा फुटी टोकदार मेखा उपटल्या, पुढे जाऊन पुन्हा ठोकल्या. घोडदळ त्या काही मिनिटांत सुटलं असतं, तर चित्र पालटलं असतं. पण स्वार विखुरलेले होते.

बोटांचं थोडक्यात सांगता येईल. लढाईत हजर असलेले दोन बखरकार, जाँ द वाव्रँ आणि जाँ ल फेव्हर, लिहितात की फ्रेंच उजव्या हाताची तीन बोटं कापणार आहेत, असं हेन्रीनं भाषणात सांगितलं. तीन बोटं, आणि तेही सैन्याला चेतवणाऱ्या शत्रूच्या तोंडून. जिंकल्यावर कुणी बोटं दाखवली, असं त्या काळच्या कुणीही लिहिलेलं नाही. अपमानाची ती खूण इंग्लंडमध्ये खात्रीनं दिसते ती 1901 च्या चित्रफितीत, रॉदरहॅमच्या एका लोखंड कारखान्याबाहेर. मधली जवळजवळ पाचशे वर्षं कोरी आहेत.

धनुष्यच जिंकून देत असतं तर 18 जून 1429 ला फ्रान्समधल्या पाटेच्या लढाईतही तेच झालं असतं. तिथेही इंग्रज, तीच धनुष्यं, त्याच मेखा, आणि तरी ते हरले. दबा धरून बसलेल्या तिरंदाजांसमोरून एक सांबरासारखा नर हरीण पळाला, त्यांनी आरडाओरडा केला आणि फ्रेंच टेहळ्यांना जागा कळली. फ्रेंच घोडदळ येऊन भिडलं तेव्हा मेखा अजून जमिनीत गेल्याच नव्हत्या.