बॅकअप आहे हो, पण रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून, बघितलाय का?

दुकानाच्या डेटावर एक लेख वाचला, त्यात म्हटलंय रोज रात्री बॅकअप (डेटाची जादा कॉपी) घ्या की धंदा सेफ. अर्धंच बरोबर आहे हे. म्हापशात आमचं होलसेलचं दुकान, मे 2021 ला तौक्ते वादळ आलं तेव्हा लाइट गेली, आली, परत गेली, त्यात सर्व्हरची डिस्क उडाली. बॅकअप होता की! पण ती एक्स्टर्नल डिस्क त्याच टेबलावर, त्याच एक्स्टेंशन बोर्डावर, दोन्ही एकदम गेल्या. शेवटी एका पेनड्राइव्हवर मार्चचा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) डेटा सापडला आणि दीड महिन्याची बिलं कार्बन कॉप्या बघून परत मारली, बायकोपण बसली होती रात्र रात्र.

3-2-1 म्हणतात ते यासाठीच, 3 कॉप्या, 2 वेगळ्या प्रकारच्या मीडियावर (म्हणजे डिस्क, पेनड्राइव्ह असं), 1 दुसऱ्या जागी. आमची एक आता मडगावला भावाकडे असते. आणि बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर तीपण लॉक होते. दुकान किती तासांत चालू व्हायला हवं, किती दिवसांच्या एंट्र्या गेल्या तर चालतील हे आधी घरात ठरवा, मग क्लाउडवाल्याला (इंटरनेटवर बॅकअप ठेवून देणाऱ्याला) फोन करा, नायतर तो महागातला प्लॅनच गळ्यात मारणार. आम्ही महिन्यातून एकदा जुन्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून बघतो, पहिल्या खेपेला पासवर्डच कुणाला आठवेना 😅