खाडीत म्हणे लाटाच नसतात!

‘खाडीत लाटा नसतात, तरी लाटांच्या नावाखाली जेट्टीचं बिल फुगवतात’ हा फॉरवर्ड नवी मुंबईतल्या सोसायट्यांचे ग्रुप फिरून काल सासऱ्यांकडून आला. खाली प्रश्न: ‘खरं आहे का हो, जावईबापू?’ नाही, बाबा.

त्यातलं अर्धंमुर्धं खरं आधी मान्य करून टाकतो. अरबी समुद्राची लांब लाट ठाणे खाडीत आतवर पोचत नाही. इथली लाट वाऱ्यानं जागच्या जागी उठते, दोन-चार सेकंदांची, आखूड. एरवी तिच्यापेक्षा ओहोटीची ओढ आणि बोटीचा धक्काच भारी. पण जेट्टीचा हिशेब पावसाळी वारा आणि उधाणाची भरती एकत्र येतात त्या दिवसासाठी करायचा असतो.

फॉरवर्डमधला सगळ्यात घातक मुद्दा वेगळाच आहे: ‘डेक (जेट्टीचा वरचा, चालायचा स्लॅब) मीटरभर खाली घ्या, म्हाताऱ्यांना चढायला सोपं.’

25 सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे 625 किलो भरतो. मीटरभर उंचीचं पाणी तेवढ्याच जागेवर एक टन दाब देतं. म्हणजे लाटेचा माथा स्लॅबच्या तळापेक्षा साठ-पासष्ट सेंटिमीटर वर जाणारा असला, की खालून येणारा दाब स्लॅबच्या वजनाला भिडतो. लाट आदळण्याचा तडाखा यात धरलेलाच नाही. त्यात बीमच्या मधल्या कप्प्यांत हवा कोंडते आणि स्लॅब आणखी उचलला जातो. वरून येणाऱ्या भारासाठी मधल्या भागात सळया खालच्या अंगाला असतात. स्लॅब उलटा वाकला की वरून तडकतो. नुसता टेकवलेला प्रीकास्ट (आधीच ओतून आणलेला) स्लॅब तर सरळ सरकतो.

2005 मध्ये कतरिना वादळात अमेरिकेतल्या पाँचरट्रेन तलावावरच्या महामार्ग-पुलाचे कित्येक गाळे (खांबांमधले तुकडे) असेच उचलून बाजूला पडले. तलाव सरासरी जेमतेम चार मीटर खोल! वादळानं पाणी डेकपर्यंत चढवलं आणि लाटांनी खालून ढुशा दिल्या. नवा पूल पाण्यापासून सुमारे नऊ मीटर उंच बांधला.

मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, म्हणून डेक उंचच हवा. चढण्या-उतरण्याची सोय हवी तर तरंगता पाँटून (तराफा) आणि बिजागरीचा गँगवे (त्यावर उतरायचा छोटा पूल) मागा. तो भरतीबरोबर वर-खाली होतो.

आता फॉरवर्डमधले बाकीचे मुद्दे. ‘पोकळ खांब’: त्यासोबतच्या फोटोतले ते नळे म्हणजे लायनर, खांब ओतायचे पोलादी पत्र्याचे साचे. आतला गाळ काढून, सळयांचा पिंजरा सोडून, ट्रेमीनं (तळापर्यंत सोडलेल्या नळीनं) तळापासून काँक्रीट भरतात. फोटो त्याआधीचा आहे, एवढंच.

‘भक्कम भिंत बांधा’: पाइलांच्या (तळात रोवलेल्या खांबांच्या) मधून लाट निघून जाते, उभ्या भिंतीवरून परत फिरते. आलेली आणि फिरलेली मिळून भिंतीसमोर मीटरची लाट दोन मीटरची होते आणि पायथ्याचा चिखल खणते. मऊ चिखलात ती भिंत आधीच खचत असते.

‘खांब जाड करा’: इथल्या आखूड लाटेत जाड पाइलवरचा जोर मुख्यतः व्यासाच्या वर्गानं वाढतो. एक मीटरचा दीड मीटर केला, तर सव्वादोन पट. एक मीटरच्याच पाइलवर कालवं चिकटून दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर थर चढला, तरी वीस टक्क्यांची भर.

‘टायर लटकवले की झालं’: होडीला चालतील. प्रवासी बोट दुप्पट वेगानं टेकली तर धक्क्याची ऊर्जा चौपट, म्हणून फेंडर (बोटीचा धक्का झेलणारी गादी) हिशेबानं निवडावा लागतो.