चोवीस तासांची बाई

गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दर थोड्या दिवसांनी एक निरोप हमखास येतो : ‘आईसाठी चोवीस तासांची बाई हवी आहे, कुणाच्या माहितीत आहे का?’ त्याखाली रुग्ण सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्यूरोंचे दोन-चार क्रमांक येतात, कुणी तरी ‘आमच्याकडच्या मावशी फार चांगल्या होत्या’ असे लिहिते आणि विषय तिथेच मिटतो. या विषयावरचे माझे मत काहींना रुचणार नाही, तरीही सविस्तर मांडते. चोवीस तास काम करू शकणारी बाई जगात नसते. जी आपल्या घरी येते ती दिवसभर राबून रात्री तुटक झोपणारी, दमलेली स्त्री असते आणि घरातले सर्वांत परावलंबी माणूस आपण तिच्या हवाली करतो.

सासूबाईंना पक्षाघात झाल्यानंतर ब्यूरोने आम्हाला जे दर सांगितले, त्यांतच ही सगळी गोम होती. बारा तासांच्या ड्यूटीचे दिवसाला आठशे रुपये आणि चोवीस तासांचे बाराशे. म्हणजे पहिल्या बारा तासांचे मोल आठशे आणि पुढच्या बारा तासांचे चारशे. रात्री काय, रुग्ण झोपलेलाच असतो, असे गृहीत धरून हा हिशेब मांडलेला असतो. ज्यांनी अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे, त्यांना यातला फोलपणा वेगळा सांगायला नको. स्वतःहून कूस बदलता न येणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, नाही तर माकडहाड, टाचा आणि खुब्याची हाडे या ठिकाणी दाब पडून जखमा होतात. हवेची गादी आणली म्हणजे हे काम टळले, असा एक समज आहे. गादीने दाब कमी होतो, पण वळवणे चुकत नाही. शिवाय ओला डायपर बदलणे, लघवीच्या पिशवीवर लक्ष ठेवणे, आणि स्मृतिभ्रंश असेल तर संध्याकाळनंतर वाढणारी अस्वस्थता सांभाळणे ही सगळी रात्रीचीच कामे. सकाळी सहाला उठलेल्या बाईने पहाटे चारलाही तितक्याच मायेने उठावे, ही अपेक्षा आपण स्वतःच्या मुलाकडून तरी करतो का?

त्यामुळे पैसे मोजायचेच असतील तर बारा तासांच्या दोन ड्यूटी लावाव्यात, किंवा दिवसाला बाई ठेवून रात्र घरातल्यांनी वाटून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगते. दोन ड्यूटींचा खर्च पुष्कळांना झेपत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. लहान घरात दोन माणसांना सामावून घेणे हीदेखील अडचण असते. ज्यांना चोवीस तासांचीच बाई ठेवावी लागते, त्यांनी निदान तिची सलग सहा तासांची झोप, दुपारची दोन तासांची विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी पहिल्याच दिवशी ठरवून टाकावी आणि त्या वेळात रुग्णापाशी कोण असेल त्याचे नाव लिहून ठेवावे. ‘बघू, जमेल तसे करू’ या वाक्यावर चाललेली घरे मी पाहिली आहेत. तिथे महिन्या-दीड महिन्यात बाई निघून जाते, ब्यूरो बदली पाठवतो आणि रुग्णाला पुन्हा एका अनोळखी हाताकडून अंघोळ घालून घ्यावी लागते. वारंवार होणाऱ्या या बदल्यांचा त्रास सर्वांत जास्त रुग्णालाच होतो. बोलता न येणाऱ्या माणसाची खूण कळायला पंधरा दिवस जातात आणि ती नीट कळू लागली की लवकरच नवी बाई आलेली असते.

दुसरा मुद्दा बाईकडून नेमके कोणते काम अपेक्षित आहे, याचा. ब्यूरोच्या तोंडी सगळ्याच ‘सिस्टर’ असतात. प्रत्यक्षात जीएनएम म्हणजे तीन वर्षांचा आणि एएनएम म्हणजे दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली परिचारिका वेगळी, काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली सहायक वेगळी, आणि कसलेही प्रशिक्षण नसताना चार घरी काम करून शिकलेली बाई वेगळी. या तिसऱ्या प्रकारच्या बायकांमध्ये अतिशय निगुतीने काम करणाऱ्या पुष्कळ असतात; आमच्याकडे सर्वांत जास्त टिकलेल्या, लातूरकडच्या मावशी अशाच होत्या. परंतु त्यांच्याकडून इन्सुलिनचा डोस ठरवून घेणे किंवा निघालेली नाकातली नळी परत घालून घेणे हा रुग्णावर आणि त्यांच्यावरही अन्याय आहे. नळीची जागा चुकली आणि अन्न श्वासनलिकेत गेले, तर न्यूमोनिया होतो. नळीतून भरवताना आणि त्यानंतर किमान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवणे हे मात्र तिला शिकवता येते, नव्हे, शिकवलेच पाहिजे. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बाईला रुग्णालयातच बोलावून वॉर्डमधल्या परिचारिकेकडून हे सगळे तिच्या हाताने करवून घ्यावे. डिस्चार्जच्या गडबडीत बिले आणि मेडिक्लेमची कागदपत्रे यांतच सगळा वेळ जातो आणि ही एक गोष्ट राहून जाते.

उचलण्याबद्दल एक सांगायलाच हवे. पंचेचाळीस किलोच्या बाईने सत्तर किलोच्या आजोबांना एकटीने उचलावे, असे कोणी तोंडाने म्हणत नाही. पण घरातले सगळे कामावर गेल्यावर नेमके तेच घडते. रुग्णाच्या पाठीखाली आडवी घडी घातलेली चादर ठेवून दोन बाजूंनी दोघांनी ती धरून सरकवले, तर निम्मे श्रम वाचतात. यासाठी दुसरा माणूस घरात असावा लागतो, म्हणून स्पंजिंग आणि चादर बदलण्याची वेळ घरातल्यांच्या सोयीने ठरवावी.

आता थोडे कडू लिहिते. फोनवर ब्यूरोला ‘आडनाव काय बाईंचे?’ हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि तो पोलीस पडताळणीसाठी नसतो, हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते. आईचे मलमूत्र काढायला चालणारी बाई स्वयंपाकघरात मात्र चालत नाही, तिचा कप वेगळा, ताट वेगळे. हे सुशिक्षित घरांत घडते, सज्जन म्हणवणाऱ्या माणसांकडून घडते. दुसरी गोष्ट आणखी नाजूक आहे. आजारी पुरुषाकडून, कधी स्मृतिभ्रंशामुळे आणि कधी चांगले कळत असूनही, बाईच्या अंगाला हात लावला जातो. त्यावर ‘ते आजारी आहेत, मनावर घेऊ नका’ एवढेच तिला ऐकवले जाते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू आहे आणि त्या कायद्याच्या दृष्टीने आपले घर हे तिचे कामाचे ठिकाण आहे. पुरुष रुग्णासाठी पुरुष सहायक मागावा, तो थोडा महाग पडला तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशाबाबतही ब्यूरोला थेट प्रश्न विचारावा : आम्ही देतो त्यातले बाईच्या हाती किती पडतात? उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्या ब्यूरोशी व्यवहार करू नये. आम्हाला एका ठिकाणी हा प्रश्न विचारल्यावर ‘ते तुमचे काम नाही’ असे ऐकावे लागले. ब्यूरोने कमिशन घ्यावे, त्याला हरकत नाही. पण त्या बदल्यात पडताळणी, प्रशिक्षण आणि खाडा झाल्यास बदली या तिन्ही गोष्टी त्याने कागदावर द्यायला हव्यात.

कायद्याकडून मिळणारा आधार तुटपुंजा आहे. कारखान्यातल्या कामगाराला १९४८च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तो नोंदणी आणि कल्याणकारी लाभ यांच्यापुरता आहे. कामाचे तास त्याने ठरत नाहीत. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११चा करार भारताने अद्याप स्वीकृत केलेला नाही. दुसऱ्या बाजूला रुग्णाच्या कुटुंबालाही कोणी वाली नाही. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेसाठी स्वतंत्र विमा सुरू केला. आपल्याकडे आरोग्यविम्यात निव्वळ शुश्रूषेचा खर्च सहसा अपवादांच्या यादीतच जातो. म्हणजे बाईचे हाल आणि कुटुंबाची ओढाताण या दोन्हींचे मूळ एकच आहे : दीर्घ आजारपणाचा सगळा भार एका घराने उचलावा आणि त्या घराने तो सर्वांत कमी पैशांत सर्वांत गरजू स्त्रीवर टाकावा, अशी ही रचना आहे.

परदेशात किंवा परगावी राहणाऱ्या भावा-बहिणींना याच संदर्भात एक विनंती आहे. पैसे पाठवण्याबरोबर वर्षातून एकदा येऊन पंधरा दिवसांच्या रात्री तुम्ही घ्या, बाईला सलग सुट्टी द्या आणि आईबरोबर इथे राहणाऱ्या भावंडालाही. कॅमेऱ्यावरून ‘बाई मोबाइल बघत बसली होती’ अशी तक्रार फोनवर करण्याआधी, ती त्या दिवशी किती वाजता झोपली होती, हे आधी विचारा. आमच्याकडे एक साधी वही होती. कोणत्या वेळी काय भरवले, लघवी किती झाली, कोणत्या कुशीवर वळवले, रक्तदाब किती, हे सगळे त्यात लिहिले जाई आणि शेवटच्या रकान्यात मावशींची झोप. तो रकाना सलग तीन रात्री रिकामा दिसला, की चौथी रात्र घरातले कोणी तरी घेत असे, मग दुसऱ्या दिवशी कुणाची कितीही महत्त्वाची मीटिंग असो.