कुठेतरी पाणी मुरतंय

माशांच्या टाकीसाठी पाण्यातले क्षार काढणाऱ्या आरओ-डीआय यंत्राचा खोका उघडला की आतून तीन उभे डबे, वर एक आडवं नळकांडं, नळ्यांची भेंडोळी, प्लॅस्टिकचा एक भलाथोरला पाना आणि एक इवलीशी पिशवी निघते. माझं निरीक्षण असं की डबे बघून माणूस हरखतो, पाना हातात येताच त्याच्या अंगात कारागीर संचारतो आणि पिशवी मात्र 'हे जास्तीचं दिलेलं दिसतंय' म्हणत तो ड्रॉवरमध्ये टाकतो. पुढे घरात जे काही पाणी मुरतं, ते त्या ड्रॉवरमध्येच.

आधी एक विचारून घेतो. हे सगळं तुम्हाला लागतं का? गप्पी, मॉली, प्लॅटी पाळत असाल तर खोका परत चिकटवा. या मंडळींना जड पाणीच मानवतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारला की ती खूश. यंत्र लागतं ते समुद्री टाकीत प्रवाळ ठेवणाऱ्याला, क्रिस्टल रेडसारखी नखरेल कोळंबी बाळगणाऱ्याला आणि डिस्कस माशाची पिल्लं काढायची हौस असणाऱ्याला. कारण सरळ आहे. टाकीतून वाफ होऊन उडतं ते निव्वळ पाणी. क्षार कुठेही जात नाहीत, तळ ठोकून बसतात. आपण वरून पुन्हा नळाचं पाणी ओततो, म्हणजे दर आठवड्याला नवे पाहुणे येतात आणि जुने उठायचं नाव घेत नाहीत. नळाच्या पाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट आलं की काचेवर शेवाळाचा गालिचा अंथरला जातो, आणि तांबं आलं की कोळंबी आडवी.

'स्वयंपाकघरात प्यायच्या पाण्याचं आरओ आहे, त्याचंच घालू' हा विचार प्रत्येकाला एकदा सुचतो. पण त्या यंत्रात पाण्याला चव यावी म्हणून बहुधा शेवटी क्षार परत मिसळायची सोय असते, नाहीतर थोडं कच्चं पाणी बाजूने आत सोडलेलं असतं. वर अतिनील दिवा. दिवा जंतू मारतो, पण क्षाराचा एक कणही काढत नाही. माणसाला गोड लागणारं ते पाणी प्रवाळाच्या मात्र डोळ्यांत खुपतं.

यंत्राची कल्पना उलट्या खोपडीची आहे. १७४८ साली नोले नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर मूत्राशयाचा पडदा बांधून ते पाण्यात ठेवलं, तर पाणी आपणहून आत शिरलं आणि पडदा टम्म फुगला. आपण त्याच पाण्याला मागून दाब देऊन, क्षार अडवणाऱ्या पडद्यातून उलटं चालायला लावतो. दाब नसेल तर यंत्र म्हणजे भिंतीवरची शोभा. पडद्यावर, म्हणजे मेंब्रेनवर, '७५ जीपीडी' असं लिहिलेलं असतं. दिवसाला ७५ गॅलन, म्हणजे सुमारे २८४ लिटर, मिनिटाला साधारण २०० मिलि. हा आकडा आहे २५ अंश तापमानाचा आणि ५० ते ६५ पीएसआय दाबाचा. पाणी गार झालं की अंशागणिक साधारण ३ टक्के आवक घटते. आणि दाबाचं म्हणाल तर पाण्याच्या १० मीटर उंचीला जेमतेम १४ पीएसआय मिळतो. टाकी डोक्यावर तीन मीटरवर असेल तर तुमच्या वाट्याला चार. ४० च्या खाली दाब असेल तर बूस्टर पंप लावायचाच. 'बघू आधी तसंच चालतंय का' म्हणणाऱ्यांना थेंब मोजत बसण्याचा छंद जडतो.

आता जोडणी. क्रम ठरलेला आहे: गाळ धरणारा ५ मायक्रॉनचा फिल्टर, मग कार्बन ब्लॉक, मग मेंब्रेन, शेवटी उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिन. कार्बन हा माशांसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. तो खरा मेंब्रेनसाठी आहे. हल्लीचे पातळ थराचे पडदे क्लोरीनला घाबरतात. क्लोरीन पोचला की पडदा हळूहळू कुरतडला जातो आणि कुरतडलेला पडदा परत शिवता येत नाही. म्हणून अधूनमधून वाया जाणाऱ्या पाण्याचा नमुना घेऊन त्यात क्लोरीन तपासावा. चाचणीला रंग आला तर कार्बन संपला. तो बदलायला 'पुढच्या महिन्यात' ही तारीख चालत नाही.

नळी कापायची ती कात्रीने नव्हे. कात्री नळी आधी चेपते, मग कापते, आणि चेपलेलं तोंड आतल्या रिंगवर नीट बसत नाही. धारदार पात्याने काटकोनात, एका झटक्यात कापावी. फिटिंगमध्ये घातली की ती एका जागी अडते. नवशिका तिथेच थांबतो. अजून जोर लावला की ती आणखी थोडी आत जाते, तेव्हा ती खरी बसली. मग मागे ओढून बघायची. काढताना फिटिंगच्या तोंडाशी असलेली कडी दाबून धरायची, नळीशी कुस्ती खेळायची नाही.

पुढे ओ-रिंग. डब्याच्या खाचेत बसणारी ही काळी रबरी बांगडी यंत्रातली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि फरशीवर तळं करण्याची ताकद तिच्याइतकी दुसऱ्या कशातच नाही. तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावावं. पेट्रोलियम जेली लावू नये, काही जातीचं रबर त्याने फुगतं आणि सैल पडतं. रिंग खाचेत सपाट बसली ना, हे बोट फिरवून बघायचं, मग डबा हाताने घट्ट करायचा. तो पाना डबा उघडण्यासाठी दिलेला असतो. लावताना पान्यावर लोंबकळणाऱ्याची रिंग पिळते, डब्याला तडा जातो आणि सहा महिन्यांनी फिल्टर बदलायला तोच डबा उघडताना घरातले सगळे मदतीला बोलवावे लागतात.

मेंब्रेन घालायची दिशा चुकवणं हा या खेळातला राजमार्ग आहे. ज्या टोकाला बारीक दांडा आणि दोन छोट्या ओ-रिंगा आहेत ते टोक आधी आत. रुंद रबरी ओठ असलेलं टोक झाकणाकडे. आत गेल्यावर तळाशी 'गच्च' असं काहीतरी जाणवेपर्यंत रेटायचं. त्या दोन रिंगांपैकी एक जरी बसली नाही तरी कच्चं पाणी पडद्याला वळसा घालून थेट चांगल्या पाण्यात मिसळतं. मग विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजणारा मीटर १५० दाखवतो आणि माणूस मेंब्रेन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. नळकांड्याच्या त्या टोकाला दोन तोंडं असतात: मधलं चांगल्या पाण्याचं, कडेचं वाया जाणाऱ्याचं. कडेच्या नळीत फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे पाण्याची वाट आवळणारा तुकडा, बसवायचा. तो विसरलात तर पाण्याला मोकळं रान मिळतं, दाब तयारच होत नाही आणि सगळं मोरीत.

पाणी सुरू करण्याआधी मेंब्रेनकडे जाणारी नळी काढून बादलीत सोडा. नवा कार्बन पहिली काही मिनिटं काळी भुकटी ओकतो. ती पडद्यात गेली तर नवं मेंब्रेन पहिल्याच दिवशी म्हातारं होतं. पाणी नितळ आलं की नळी परत जोडा आणि पुढचे एक-दोन तास निघालेलं सगळं पाणी ओतून द्या, कारण कोरं मेंब्रेन टिकाऊ रसायनात भिजवून पाठवलेलं असतं. हे पाणी डीआयमधून अजिबात जाऊ देऊ नका. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा. डोळ्याला न दिसणारी गळती कागदावर ठिपका उमटवून स्वतःच कबुली देते.

मग हातात मापाचं भांडं आणि घड्याळ. चांगलं पाणी मिनिटाला किती, वाया किती. एकास तीन ते चार असं प्रमाण आलं की बरं. चांगलं २०० मिलि तर वाया ८०० मिलि, म्हणजे दहा लिटरची बादली साडेबारा मिनिटांत काठोकाठ! हे गणित ज्याने आधी केलं नाही त्याला ते फरशी शिकवते. इतकं पाणी जाताना बघून जीव तुटतो, हे कबूल. पण रिस्ट्रिक्टर आवळून बचत करायला गेलात तर जड पाण्यातला चुना पडद्यावर बसतो. त्यापेक्षा ते पाणी साठवून लादी पुसायला, संडासात ओतायला वापरा. आत ३०० टीडीएस असेल तर वाया पाण्यात ३७० च्या आसपास निघतो, विष नव्हे. त्याला 'वाया' हे नाव उगाच पडलंय.

टीडीएस मीटर हे या छंदातलं व्यसन आहे. एकदा हातात आला की माणूस नळ, पिंप, शेजाऱ्याचं पिंप, सगळ्यांत बुडवून बघतो. त्यातून काढायचं गणित एकच. आत ३००, मेंब्रेननंतर ९, म्हणजे ९७ टक्के क्षार अडले. नव्या पडद्याने ९६ ते ९८ टक्के अडवायला हवेत. ९० च्या खाली घसरलं तर आधी त्या दोन रिंगा बघायच्या, मग पडद्याला दोष द्यायचा. यंत्र रात्रभर बंद राहिलं की सकाळी पहिली काही मिनिटं आकडा फुगलेला येतो, कारण थांबलेल्या पाण्यात क्षार पडद्याआडून झिरपत राहतात. ते पाणी डीआयला न पाजता बाहेर सोडलं तर रेझिन टिकतं. आत जाणारा टीडीएस २० वरून १० वर आणला की रेझिनचं आयुष्य दुप्पट. पण मीटरवर आंधळा विश्वास नको. तो फक्त वीज वाहून नेणारे क्षार मोजतो. क्लोरीन, कीटकनाशकं, जंतू यांच्याबाबत त्याचा चेहरा कोरा असतो.

रेझिनचा डबा उभाच हवा, पाणी खालून वर जायला हवं आणि रेझिन ठासून भरलेलं हवं. आडव्या किंवा सैल डब्यात पाणी आपली पळवाट शोधतं आणि अर्धं रेझिन कोरं राहून वाया जातं. शेवटी शून्य यायला हवं. एक-दोन दिसू लागलं की बदला, रंग पूर्ण उतरायची वाट बघू नका. संपत आलेलं रेझिन आधी धरलेलं सिलिकेट सोडून देतं आणि शेवाळाचं फावतं.

शून्य आलं की लोक ते थेट टाकीत ओततात. हवेत उडालेल्या पाण्याची भरपाई करायला ठीक आहे, पाणी बदलायला अजिबात नाही. या पाण्यात सामू (पीएच) धरून ठेवणारं काहीच नसतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच तो साडेपाचच्या आसपास येतो, आणि मीटर घेऊन बसलेल्याच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून इतक्या कष्टाने जे काढलं, ते आता मोजून परत घालायचं. क्रिस्टल रेडसाठी जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा, वाढवणारे क्षार टीडीएस १०० ते १५० होईपर्यंत. डिस्कससाठी नळाचं ३०० चं एक भांडं आणि शुद्ध दोन भांडी, झालं १००. केएच, म्हणजे सामू धरून ठेवायची ताकद, हवा असेल तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याच्या सोड्याने तो एक अंशाने चढतो. प्रवाळांसाठी लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियम तळाशी पांढरा होऊन बसतो आणि कितीही ढवळा, उठत नाही.

राहता राहिला रात्रीचा आवाज. पिंप भरलं, तरंगतं बोंड वर आलं, चांगलं पाणी थांबलं, आणि मोरीत मात्र झुळझुळ चालूच. बोंडाने नळी बंद केली की मागे दाब चढतो आणि तो आत येणाऱ्या दाबाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास पोचला की ऑटो शटऑफ व्हॉल्व्ह आत येणारं पाणी बंद करतो, असा हिशोब आहे. तपासायला बोंड हाताने वर धरा. काही मिनिटांत वाया पाणी पूर्ण थांबायला हवं. थांबून पुन्हा सुरू होत असेल, तर चढलेला दाब मेंब्रेनमधून उलटा गळून जातोय. तो अडवायला मधल्या तोंडावर एक एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लागतो, दिसायला अगदी दुसऱ्यासारखाच. पण उजेडाकडे धरून आत डोकावलं की बारीकशी झडप दिसते. ती एकदिशा झडप. तुम्ही दोन सारख्या दिसणाऱ्या एल्बोंपैकी हाताला आला तो लावलात आणि उरलेला जास्तीचा म्हणून त्या पिशवीतच ठेवून दिलात.

नळ बंद करा, ड्रॉवर उघडा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे, आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने, आणि तो एल्बो मधल्या तोंडाला.