जड बोटीला पिच वाढवायचा नसतो, उतरवायचा असतो

"वेकसर्फिंगच्या बोटीत पाण्याच्या थैल्या भरून वजन वाढवलंत की पंख्याचा पिचही वाढवा. मोठा पिच जास्त पाणी ढकलतो. आरपीएम खाली येतात, इंजिनाला आराम मिळतो, पेट्रोल वाचतं. चार पात्यांच्या नादाला लागू नका. अमेरिकेत त्या बोटीला जो पंखा चालतो तोच मागवा, नाहीतर नमुना देऊन इथंच ओतून घ्या."

हा मजकूर महिनाभर सगळीकडून माझ्याकडे येतोय. वेकसर्फिंग म्हणजे बोटीमागं उठणाऱ्या लाटेवर फळीवर उभं राहून घसरायचा खेळ. पाठवणाऱ्यांत धरणाच्या पाण्यावर वॉटर स्पोर्ट्स सुरू करू पाहणारी मुलं आहेत, आणि पंचगंगेला पूर आला की चिखली-आंबेवाडीतून माणसं बाहेर काढणारेही आहेत. या दुसऱ्यांनी तो खरा मानला तर भरलेली बोट प्रवाहात अडकेल. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो, बोटींचे पंखे म्हणजे प्रोपेलर दुरुस्त करतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मोठा पिच, जास्त ताकद. मुळातली चूक इथं आहे. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात स्क्रूसारखा किती इंच पुढं सरकेल ते माप. 14 पिच म्हणजे 14 इंच, पण पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर. ते तसं नसतं, म्हणून बोट त्याहून कमी सरकते. या तुटीला स्लिप म्हणतात. वेकसर्फिंगची बोट मागून मुद्दाम बुडवलेली असते, पोटात टनभर पाणी असतं आणि ती ताशी 16 ते 19 किलोमीटरनेच चालते. अशा वेळी निम्म्याहून जास्त पिच स्लिपमध्ये जातो.

आता पात्याच्या बाजूनं बघा. बोट वेगात असली की समोरून येणारं पाणी पात्याला निमुळत्या कोनात भेटतं आणि पंखा हलका फिरतो. बोट जड आणि संथ असली की तेच पातं पाण्याला जवळजवळ आडवं भिडतं. पिच जितका मोठा तितका हा कोन मोठा, आणि इंजिनावरचा भार तितका जास्त. मग इंजिन वर चढतच नाही. 5000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 5000 फेऱ्यांना, 350 हॉर्सपॉवर देणारं व्ही-8 इंजिन 3000 वर अडकलं, तर तेवढाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) धरूनही ते 210 हॉर्सपॉवरच देणार. ताकद वाढली कुठं?

उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कुणी टॉप गिअरमध्ये उठवत नाही. मोठा पिच हा टॉप गिअर आहे. जड बोटीला पिच कमी आणि जागा असेल तर डाया (पंख्याचा व्यास) मोठा, हा मार्ग. मात्र डाया वाढवताना पंख्याचं टोक आणि बोटीचा तळ यांतलं अंतर आधी मोजा, आणि डाया एक इंच वाढला तर पिच साधारण दोन ते तीन इंच उतरवावा लागतो हे ध्यानात ठेवा.

गेल्या मे महिन्यात शिवाजी पुलाच्या वरच्या अंगाला आम्ही हे करून पाहिलं. 25 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेर टांगलेलं इंजिन, आणि 13 पिचचा पंखा. दोघंच बसलो तेव्हा फुल थ्रॉटलला 5400 फेरे, बोट सुसाट. मग 200 लिटरचे तीन ड्रम पाण्यानं भरून ठेवले, म्हणजे 600 किलो. फुल थ्रॉटल दिला तर नाक वर, शेपूट खाली, आवाज घोगरा आणि काटा 4400 वर थिजलेला. या इंजिनाला 5000 ते 6000 च्या आत फिरू द्यायचं असतं. काठावर येऊन 10 पिचचा पंखा चढवला. त्याच ड्रमांसकट काटा 5000 ला टेकला, नाक खाली आलं आणि बोट पाण्यावर उठली. एक इंच पिच उतरवला की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. हिशेब बरोबर बसला. ड्रम रिकामे केल्यावर मात्र थ्रॉटल थोडा मागे घ्यावा लागला, नाहीतर काटा 6000 ओलांडत होता. तेवढी सांभाळणी चालकाला करावीच लागते.

आरपीएम कमी म्हणजे इंजिनाला आराम. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फेरे कमी, म्हणजे सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढलेली, नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याचा) धोका वाढलेला. पेट्रोलही वाचत नाही, कारण एवढ्या भाराला इंजिन मिश्रण घट्ट करतं, म्हणजे हवेच्या मानानं जास्त पेट्रोल ओढतं. माझ्याकडं आलेल्या एका इंजिनाचे पिस्टन याच कारणानं वितळले होते, कडेला मेणासारखे ओघळ होते. मालकाला तोपर्यंत वाटत होतं, मी इंजिन जपून वापरतोय.

चार पाती. पात्याचं एकूण क्षेत्र वाढतं, प्रत्येक पात्यावरचा भार घटतो, जड बोटीत पकड सुटत नाही, थरथर कमी होते. टॉप स्पीड थोडा जातो. वेकबोर्डिंग आणि वेकसर्फिंगच्या बोटींना चार पाती सर्रास असतात ती याचसाठी. तिथं टॉप स्पीड हवाय कुणाला? स्लालम स्की, म्हणजे बोटीमागं दोरी धरून नागमोडी स्की करणं, त्याच्या ताशी 58 किलोमीटरनं चालणाऱ्या बोटीचा हिशेब वेगळा. हलकी बोट फेऱ्यांची हद्द ओलांडत असेल तर पिच वाढवणं बरोबरच आहे. मजकुरातला सल्ला बहुधा तिथून उचलून जड बोटीला चिकटवलाय.

अमेरिकेतलाच पंखा मागवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर 300 मीटरला साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे इथं साडेपाच-सहा टक्के गेलीच. फ्लोरिडाच्या सखल तळ्यावर जुळलेला पंखा आपल्याकडं जरा जडच जाणार. अमेरिकेतच टाहो सरोवर सुमारे 1,900 मीटरवर आहे, आणि तिथल्या बोटींना पिच उतरवावा लागतो.

राहिलं नमुन्यावरून ओतणं. आपल्या फाउंड्र्यांचा मला अभिमान आहे, पण तयार पंखाच पॅटर्न म्हणून साच्यात दाबला तर थंड होताना ब्रॉन्झ दीड-दोन टक्के आकसतं. 15 इंची पंख्याचा डाया सहा ते साडेसात मिलिमीटरनं घटतो, आणि मशीनिंगला माल उरतच नाही. पात्याची मागची कड नखानं चाचपा, ओठासारखी किंचित वळलेली लागेल. तो कप. त्यात मिलिमीटरचा अंशभर फरक पडला तरी इंजिनाचे फेरे बदलतात, आणि चार पात्यांत चार तऱ्हेचा झाला तर शाफ्ट थरथरतो. ओता जरूर, पण श्रिंकेज (हे आकसणं) धरून पॅटर्न करा आणि पाती सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, कापून घ्या.

पंखा घेण्याआधी बोट खरोखर जेवढी भरणार तेवढी भरा. टाकी फुल, माणसं सगळी, थैल्या सगळ्या. संथ पाण्यात फुल थ्रॉटल देऊन काटा वाचा आणि इंजिनाच्या पुस्तकातल्या हद्दीशी ताडून बघा. हद्दीच्या खाली असेल तर पिच उतरवा, वर असेल तर चढवा.

त्या बोटीचा 13 पिचचा पंखा माझ्या बेंचखाली आहे. 25 हॉर्सपॉवरच्या हलक्या बोटीला कुणाला बसत असेल तर घेऊन जा.