नागवेपणाचा आणि एकटेपणाचा संबंध काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार.

प्रतिक्रिया सडेतोड लिहिलीत, बरं वाटलं. फ्रेंच चित्रकार इपोलित फ्लांद्रँच्या ‘समुद्राकाठी बसलेला नग्न तरुण’ या चित्रात मी माझ्या लेखात एकटेपणा, असहायता उगाच कोंबली, असं तुमचं म्हणणं. शिकाऊ पोराचं लाइफ स्टडी ते, म्हणजे समोर माणूस बसवून केलेला सराव, मॉडेल पैसे घेऊन बसलेला, त्यात दुःख कुठलं! आणि घरात लेकरं ब्लॉग उघडतात, तिथं असलं चित्र कायले?

स्टडी आहे, हे खरंच. फ्लांद्रँ हा अँग्र या फ्रेंच चित्रकाराचा शिष्य. १८३२ साली त्याला रोमची शिष्यवृत्ती मिळाली आणि तिथून दरवर्षी पॅरिसला काम पाठवणं बंधनकारक होतं. १८३६ चं हे चित्र त्यातलंच. फ्रेंच शीर्षकातही ‘अभ्यासाची आकृती’ असंच लिहिलेलं आहे.

पण मग अभ्यास म्हणूनच बघा ना. परीक्षकांना शरीररचना दाखवायची, तर माणूस छाती, पोट, चेहरा मोकळा ठेवेल. यानं नेमकं तेच मिटवून टाकलं. गुडघे छातीशी, हातांचा वेढा पायांभोवती, कपाळ गुडघ्यांवर. पाठीच्या कमानीवरून नजर घसरते ती पावलांपर्यंत जाते आणि पुन्हा पाठीवर येते. आत शिरायला फट नाही. मागे समुद्र आणि आकाश. हाताशी बाण नाही, काठी नाही, वीणा नाही. यातलं एक जरी असतं, तर आपण त्याला संत, गुराखी, कुठलासा ग्रीक वीर म्हणून मोकळे झालो असतो आणि दुःखाला कारणही मिळालं असतं. इथं कारणच दिलेलं नाही, म्हणून तो सुटत नाही.

मॉडेलच्या मनात काय होतं, यावर माझा काही दावा नाही. असं अंग आवळून बसलं की थोड्या वेळात पायाला मुंग्या येतात. बिचारा सुट्टीची वाट बघत असेल. एकटेपणा त्याचा नाही, रचनेचा आहे.

आणि नुसत्या नागवेपणानं माणूस केविलवाणा दिसत नाही, हे नागपूरकराला मी काय सांगू? रामटेकला शांतिनाथांच्या जैन मंदिरात गेलाच असाल. वस्त्र तिथंही नाही. पण कायोत्सर्गात, म्हणजे जैन ध्यानमुद्रेत, ताठ उभी मूर्ती, हात सरळ खाली, छाती मोकळी, चेहरा समोर. तिथं केविलवाणे आपण वाटतो, ते नाही! देह दोन्हीकडे उघडाच. एक ताठ उभा, दुसरा घडी घालून ठेवल्यासारखा. फरक पडतो तो तिथं.

राहिला लेकरांचा प्रश्न. १८५७ मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियननं हे चित्र विकत घेतलं, आता ते पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात सगळ्यांसमोर आहे. पॅरिसचं सोडा, आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, जुन्या मूर्तींसमोरून शाळेच्या सहली जातात, कोणी त्यांच्यावर चादर टाकत नाही. चित्र मी काढणार नाही, काका. रागावू नका, पुढच्या लेखावरही असंच भांडा.